माझ्या एकेचाळिसाव्या पानावरची म्हातारी

जुनं पुस्तक तर मी आहेच, मित्रांनो, पण मला हातात घेताना तुम्ही नाक मुरडाल ते जुनेपणामुळे नव्हे. माझ्या पुठ्ठ्यावर एक मोठा तपकिरी डाग आहे. तो चहाचा नाही. माझी शेवटची सोळा पानं माझ्याजवळ नाहीत. ती वाळवीनं खाल्लेली नाहीत आणि कुणा उनाड पोरानं पतंगासाठीही नेलेली नाहीत. लोक मला चाळतात, 'अरेरे, शेवटच नाही याला' म्हणतात आणि परत फळीवर टाकतात. तेव्हा मला असा संताप येतो की काय सांगू! माझी गोष्ट ऐकायला गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. ज्याला गोड हवं असेल त्यानं दुसरं पुस्तक उघडावं.

माझा जन्म १९५६ साली पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. जन्म म्हटलं की तुम्हाला पाळणा आठवेल. आमच्या नशिबी पाळणा नसतो. आधी यंत्राखाली चेपतात, मग घड्या घालून दाभणानं भोसकतात, दोरा ओवतात आणि शेवटी एक लांबलचक पातं खाली येऊन तीन बाजू सपासप छाटून टाकतं. पहिल्या दिवसापासून धारदार लोखंडाशी माझी ओळख आहे.

माझ्या पोटात फिनलंड नावाच्या देशातल्या गोष्टी होत्या. तो देश पार उत्तरेला. तिकडे हिवाळ्यात सूर्य चार-दोन तास तोंड दाखवतो आणि पळतो. तिथल्या लेखकांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या तोंडचे राक्षस, दैवतं आणि मंत्र गोळा करून मुलांसाठी गोष्टी रचल्या. पुण्याच्या एका निवृत्त मास्तरांनी त्या इंग्रजीवरून मराठीत आणल्या. बापरे, काय गोष्टी होत्या त्या! मेलेल्यांच्या काळ्या नदीतून हात वर यायचे आणि होडी खाली ओढायचे. लांडगे अख्ख्या वरातीचा फडशा पाडायचे आणि बर्फावर नुसते नवरीचे जोडे उरायचे. अस्वलाचं नाव घ्यायची चोरी होती, कारण नाव घेतलं की ते दारात. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट होती हाल्लाची.

हाल्ला म्हणजे पीक जाळणारी थंडी. माझ्या गोष्टीत ती एक म्हातारी होती. जिथून उत्तरेचा वारा निघतो त्या टेकडीवर ती बसायची आणि खालच्या गावातली गुरं मोजायची, माणसं मोजायची. तिनं ज्याला मोजलं ते गारठून मरायचं.

आता या म्हातारीचं चित्र हवं होतं. ते एकेचाळिसाव्या पानावर यायचं होतं. चित्रकार चांगला माणूस होता, हात सफाईचा होता, पण फिनलंडची बाई कशी दिसते, काय नेसते, हे त्याच्या बापजन्मात त्याला ठाऊक नव्हतं. इंग्रजी पुस्तकात चित्रं नव्हती. मग त्यानं काय केलं? छापखान्याकडे येताना रस्त्यावर खडी फोडणाऱ्या लमाण बाया त्याला रोज दिसत. आरसे लावलेली काचळी म्हणजे चोळी, घेरदार घागरा, मनगटापासून दंडापर्यंत चढत गेलेल्या हाडाच्या पांढऱ्या बांगड्या. त्याला वाटलं, वा, हे अगदी परदेशी दिसतंय. त्यानं तो सगळा साज हाल्लाच्या अंगावर चढवला आणि वर लोखंडाचे दात काढले. पुण्यात ते कुणाला खटकलं नाही. मलाही नाही. उलट ते माझं सर्वांत देखणं पान आहे असं मला वाटायचं, आणि मी ते मिरवायचो.

यवतमाळकडच्या दारव्ह्याला मला सदाशिवरावांनी टपालानं मागवलं. ते तहसील कचेरीत कारकून होते आणि मी त्यांच्या धाकट्या मुलीसाठी, कुंदासाठी आलो. चार वर्षं माझा नुसता लाड झाला. कुंदाची आई, सुनीतीबाई, तांदूळ निवडत बसायच्या आणि कुंदा मला मोठ्यानं वाचायची. मैत्रिणी आल्या की हाल्लाचा खेळ चालायचा. एकीनं काळी शाल पांघरून बसायचं, बाकीच्यांनी फूटपट्ट्यांनी तिला बडवायचं. जिच्यावर राज्य येई ती रडतच घरी जायची. गोष्टीतून पोरं मारामारी तेवढी आधी उचलतात, हे मी तेव्हाच पाहिलं होतं. १९६० साली कुंदाचं लग्न झालं आणि मला जुन्या पंचांगांच्या गठ्ठ्यात टाकलं. वर्षभर मी झुरळांच्या संगतीत काढलं.

तिथून मला काढलं ते कुंदाच्या थोरल्या भावानं, नरहर गुरुजींनी. त्यांची नेमणूक बोरी अरबच्या पलीकडे, दारव्ह्यापासून नऊ मैलांवरच्या एका तांड्यावरच्या शाळेत झाली होती. तांडा गोर लोकांचा, ज्यांना गावातले लोक लमाण किंवा बंजारा म्हणतात. त्यांचे आजे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायचे. पुढे रस्ते झाले, रेल्वे आली, लादणी बंद पडली आणि लोक जमीन धरून राहिले. पोरं घरी गोरबोली बोलायची, बाहेर वऱ्हाडी. शाळेतली मराठी ऐकून ती आधी नुसती तोंडाकडे बघत बसायची. गुरुजी हुशार. त्यांनी दर शनिवारी सकाळी शाळा सुटायच्या आधी माझी गोष्ट वाचायला सुरुवात केली. वाचत कसले, नाचायचेच! लांडगा आला की चार पायांवर चालायचे. शनिवारी पटावरची सगळी पोरं हजर राहू लागली.

त्यांत कोकिळा होती. वय अकरा, आणि स्वतः वाचू शकणारी तांड्यातली एकुलती एक मुलगी. एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायची, पण हट्टानं पान संपवायचीच. तिला आईबाप नव्हते. तिची आजी धनीबाई हीच तिचं सगळं.

धनीबाईबद्दल नीट सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे. ती रोज सकाळी तांड्याच्या तोंडाशी, आपल्या झोपडीपुढच्याच एका दगडावर बसायची आणि चरायला निघालेली गुरं मोजायची. मोठ्यानं, आपल्या बोलीत. एक, दी, तीन, चार. तिच्या बापाची लादणी दीडशे बैलांची होती आणि लहानपणी मोजणीचं काम तिच्याकडे असायचं. मुक्काम हलला की मोजायचं, मुक्काम पडला की मोजायचं. लादणी गेली, बाप गेला, सवय राहिली. नुसतं मोजायची नाही, बघायची. कुणाची गाय लंगडते, कुणाच्या वासराच्या डोळ्यांत पाणी आहे, सगळं तिला आधी कळायचं आणि ती तोंडावर सांगून मोकळी व्हायची. जीभ तिखट होती. पण तिच्या मोजणीमुळे तांड्याचं जनावर कधी हरवलं नाही, म्हणून लोक तिचं बोलणं खपवून घेत.

१९६२ च्या जानेवारीत गुरुजींनी हाल्लाची गोष्ट सुरू केली आणि एकेचाळिसावं पान पोरांपुढं धरलं. पोरं पुढं सरकून वाकली. मग तांड्यातल्या भावसिंगचा मुलगा लखीराम म्हणाला, "गुर्जी, हे तं आमच्या याडीसारखी हाये." याडी म्हणजे आई.

गुरुजींना आनंद झाला. मित्रांनो, मला आजही त्यांचा तो हसरा चेहरा दिसतो. त्यांना वाटलं, ही पोरं कधी पुस्तकात स्वतःला बघत नाहीत, आज बघतायत. ते म्हणाले, "बघा, तुमचा पोशाख किती लांबच्या पुस्तकात आलाय! आणि ही मोजतेसुद्धा. आपल्या धनीबाईसारखी." पोरं खदखदा हसली. कोकिळासुद्धा हसली. कुणाच्या मनात पाप नव्हतं, पण त्या हसण्याबरोबर धनीबाईला हाल्लाचं नाव चिकटलं.

त्या पौषात थंडी अशी पडली की तुरीच्या शेतांवर पहाटे पांढरं बसायचं आणि दुपारपर्यंत झाडं काळी पडायची. त्यात अष्टग्रहीची आवई. आठ ग्रह एका राशीत येणार, तीन फेब्रुवारीपासून जग बुडणार, असं जो तो सांगत होता. दारव्ह्यात यज्ञ मांडले होते. तांड्याचे नायक हिरासिंग तांड्यातली निम्मी माणसं घेऊन पोहरादेवीला भोग लावायला गेले. मागं राहिलेले लोक धास्तावलेले होते.

आणि नेमकी भावसिंगची गुरं मरायला लागली. सोमवारी धनीबाई दगडावरून त्याला म्हणाली होती, "भावसिंग, तुह्या तांबड्याची मांडी सुजून राह्यली. त्याले आज सोडू नको." त्यानं ऐकलं नाही. मंगळवारी तांबडा मेला. बुधवारी दुसऱ्या बैलाबद्दलही ती तेच म्हणाली, आणि शुक्रवारी तोही आडवा झाला. मग त्याच्या अडीच वर्षांच्या धाकट्या मुलीला ताप भरला, छाती घरघरायला लागली. भावसिंग वाईट माणूस नव्हता. पण भीतीनं त्याचं डोकं फिरायला लागलं होतं, आणि फिरलेल्या डोक्याला कुणीतरी एक माणूस लागतो.

शनिवारी, तीन तारखेला, गुरुजींनी हाल्लाची गोष्ट पुढं नेली. गावात एकेक गोठा गार पडतो. एकेक पाळणा गार पडतो. मग गावकरी ठरवतात, म्हातारीला संपवायचं. लोहाराच्या भट्टीवर ते कुऱ्हाडींना धार लावतात. गुरुजी उठून हवेत कुऱ्हाड फिरवायला लागले, पोरं ओरडायला लागली, 'मारा, मारा'. शेवटची सोळा पानं उरली होती. वाचायला पाऊण तास लागला असता. पण सदाशिवरावांनी निरोप धाडला होता, घरी ग्रहशांती आहे, दुपारच्या आत ये. गुरुजींनी मला मिटलं. "उरलेलं पुढच्या शनिवारी," ते म्हणाले. कोकिळा अडून बसली, तिला आजच हवं होतं. तेव्हा त्यांनी मला तिच्या हातात दिलं, "सांभाळून वाच," म्हणाले, आणि सायकल काढून निघून गेले.

मी ओरडायला हवं होतं. पुढच्या पानांत तिच्यावर कुऱ्हाड पडत नाही हो, एकही कुऱ्हाड पडत नाही! पण आम्हा पुस्तकांना उघडल्याशिवाय बोलता येत नाही. आणि लखीराम धावत घरी गेला होता, अर्धी गोष्ट घेऊन. बाप मेलेल्या बैलापाशी बसला होता. पोरानं त्याला सगळं सांगितलं. म्हातारी, दगड, मोजणी, बांगड्या, धार लावलेल्या कुऱ्हाडी. त्याच दिवशी संध्याकाळी, ऊन असतानाच, भावसिंगची मुलगी गेली. गेली ती धनीबाईच्या मांडीवर. आईनं, रुपीबाईनं, म्हातारीला बोलावून घेतलं होतं, आणि ती दुपारपासून विटा तापवून पोरीला शेकत होती.

रविवारी सकाळी कोकिळा झोपडीपुढं उन्हात बसून मला वाचत होती. सोळा पानं तिनं पहाटेपासून एकेक अक्षर करून वाचली आणि शेवटच्या ओळीवर बोट टेकवलं. धनीबाई नुकतीच दगडावरून येऊन चूल पेटवत होती. कोकिळा म्हणाली, "दादी, आयक तं, त्या म्हातारीचं काय झालं माहीत हाये काय?"

तेवढ्यात चौघं आले. पुढं भावसिंग, हातात कुऱ्हाड. मागं त्याचा भाऊ फुलसिंग आणि आणखी दोघं, काठ्या घेऊन. भावसिंगचे डोळे सुजलेले होते. तो रडलेला होता.

"माही पोरगी मोजली ना तू?" तो म्हणाला.

"मोजली नाई, पाह्यली," धनीबाई म्हणाली. "बस खाली. काल कोनं जेवू घातलं काय तुले?"

फुलसिंगनं कोकिळाच्या हातून मला हिसकलं. त्यानं मला उघडलं, एकेचाळिसावं पान काढलं आणि मला म्हातारीच्या तोंडाजवळ धरलं. इतक्या जवळ की तिचा श्वास माझ्या कागदावर लागला. चौघंही माझ्याकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचे. तीच काचळी, त्याच बांगड्या. "हेच हाये," फुलसिंग म्हणाला. "पुस्तकात छापून आलं हाये. गुर्जीनं सोता दाखोलं." आणि मग त्यानं तो शब्द उच्चारला, डाकण, म्हणजे चेटकीण.

मित्रांनो, छापलेल्या अक्षरावर लोकांचा केवढा विश्वास असतो! मला त्याचा फार अभिमान होता. त्या क्षणी तो सगळा जळून गेला.

फुलसिंगनं मला मातीत फेकलं आणि तिला केसांना धरून दगडापर्यंत फरफटत नेलं. पहिली काठी पाठीवर बसली, दुसरी डोक्यावर. ती ओरडली नाही, शिव्या देत होती. मग कुणीतरी म्हणालं, डाकणीची ताकद बांगड्यांत असते. त्यांनी तिचा हात दगडावर दाबून धरला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, एकेक बांगडी फोडली. हाडाच्या बांगड्या फुटल्या, त्यांच्याखालचं हाडही फुटलं. आता ती ओरडली. कोकिळा फुलसिंगच्या हाताला चावली, रक्त निघेपर्यंत चावली. त्यानं तिला लाथ मारून चुलीवर पाडलं. झोपड्यांच्या दारांत माणसं उभी होती. एकही पुढं आला नाही. मग भावसिंगनं कुऱ्हाड फिरवली, धारेच्या बाजूनं. ती खांद्यात रुतली.

दुसरा घाव बसला नाही, कारण मधे रुपीबाई आली. ती भावसिंगची बायको. आदल्या दिवशी जिची मुलगी गेली ती. ती येऊन धनीबाईवर आडवी पडली आणि नवऱ्याला म्हणाली, "मार. आधी मले मार. हे म्हातारी पोरीले शेकून राह्यलती, तवा तू कुठी होता?" भावसिंग तसाच उभा राहिला. कुऱ्हाड त्याच्या हातातून खाली आली, ती माझ्याशेजारी मातीत पडली.

रक्त थांबत नव्हतं. कोकिळानं इकडंतिकडं पाहिलं. पदर नव्हता, फडकं नव्हतं, मी होतो. तिनं मला उचललं आणि मागची पानं मूठ भरून फाडली. टर्र असा आवाज झाला. ती पानं तिनं जखमेत कोंबली. ती भिजली की आणखी फाडली. सोळाही पानं गेली. मला किती दुखलं असं कुणी विचारलं तर मी सांगेन, माझ्या आयुष्यात माझ्या पानांचा तेवढा चांगला उपयोग आधीही झाला नाही आणि नंतरही झाला नाही.

भावसिंगची मरणातून वाचलेली बैलजोडी रुपीबाईनंच गाडीला जुंपली. धनीबाईला कडब्यावर निजवलं. कोकिळा तिच्या डोक्याशी बसली, मला छातीशी धरून. गाडी दारव्ह्याच्या दवाखान्याकडे निघाली. धनीबाई दवाखान्यापर्यंत पोचली नाही.

गाडीत जे झालं ते मी जरा बाजूला ठेवतो. माझ्यानं ते एका दमात सांगवत नाही. नंतरचं सोपं आहे. पोलीस आले. भावसिंग स्वतःहून त्यांच्यापुढं जाऊन बसला. यवतमाळच्या कोर्टात खटला चालला. नरहर गुरुजी साक्षीला उभे राहिले आणि कुणी न विचारता म्हणाले, "चित्र मी दाखवलं. धनीबाईचं नाव मी घेतलं. गोष्ट अर्धी टाकून मी गेलो. माझंही लिहून घ्या." ते कुणी लिहून घेतलं की नाही मला कळलं नाही. भावसिंगला आणि फुलसिंगला मोठी सजा झाली, बाकी दोघांना थोडी. मी मुद्देमाल होतो. मला आणि त्या कुऱ्हाडीला एका पोत्यात घालून वर चिठ्ठी बांधली. चार वर्षं आम्ही दोघं पाठीला पाठ लावून पडलो होतो. तिच्यावरही तोच डाग होता. माझ्याहून ती जास्त गुन्हेगार आहे असं म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

१९६६ साली गुरुजींनी अर्ज करून मला सोडवलं. ते अजून त्याच शाळेत आहेत. गोष्ट सुरू केली की संपवूनच उठतात, पोरांची जेवायची वेळ टळली तरी. त्यांनी पुण्याच्या चित्रकाराला पत्र घातलं होतं. त्याचं कार्ड आलं. लिहिलं होतं, "मला तो पोशाख मनापासून आवडला होता हो, म्हणूनच काढला. मी कधी त्या बायांशी बोललो नाही." ते कार्ड एकेचाळिसाव्या पानात ठेवलंय. पान फाडायचं गुरुजींच्या मनात होतं, पण रुपीबाईनं फाडू दिलं नाही. लखीरामनं ते पाहिलंच पाहिजे, असं तिचं म्हणणं होतं. लखीराम ते बघतो आणि मला मिटून गुरुजींच्या हातात परत देतो.

आता गाडीतलं सांगतो.

उन्हं वर आली होती. बैल जीव खाऊन पळत होते, रुपीबाई उभ्यानंच गाडी हाकत होती. धनीबाईचे ओठ पांढरे पडले होते, पण शुद्ध होती. कोकिळा रडत होती. तिचं रडणं थांबावं म्हणूनच असेल, म्हातारी म्हणाली, "सांग ना व, त्या म्हातारीचं काय झालं?"

कोकिळानं मला उघडलं. पानं नव्हती. मग तिनं मला मिटून तोंडानं सांगितलं. गावातली सगळी माणसं कुऱ्हाडी घेऊन टेकडीकडे निघतात, पण त्यांच्या आधी एक मुलगी तिथं पोचते. तिला तिच्या आजीनं शिकवलेलं असतं की कोणतीही गोष्ट कुठून जन्मली ते विचारावं, मग ती इजा करत नाही. लोखंडाला विचारावं, आगीला विचारावं, थंडीलाही विचारावं. ती मुलगी हाल्लासमोर बसते आणि म्हणते, आजी, तू कोणाची? तुला बाहेर कोणी ठेवलं? हजार वर्षांत म्हातारीला असं कुणी विचारलेलं नसतं. ती सांगायला लागते. लहानपणी बर्फाच्या रात्री तिनं याच गावातली सात दारं ठोठावली होती, आणि सातांपैकी एकही उघडलं नव्हतं. ती बाहेर बसून उजेड असलेल्या खिडक्या मोजत राहिली, तेव्हापासून ती मोजतेच आहे. सांगता सांगता ती रडते. रडता रडता तिचे लोखंडी दात गळून पडतात. माणसं वर पोचतात तेव्हा तिथं एक साधी थकलेली बाई असते. ते तिला हात धरून खाली घरात आणतात, आणि नदीचं बर्फ फुटतं.

धनीबाई डोळे मिटून ऐकत होती. मग ती म्हणाली, "पोरीच्या छातीत घरघर व्हती. दारव्ह्याले ने म्हनून सांगाले मी परवा दोनदा गेलती भावसिंगच्या दारी. त्यानं दार नाई उघडलं." पुढं बसलेल्या रुपीबाईचा हात थांबला, मग तिनं पुन्हा बैल हाकले. म्हातारीनं कोकिळाकडे पाहिलं. तिच्या आवाजात राग नव्हता, लहान मुलासारखी तक्रार होती.

"तिले तरी इचारलं कोनं," ती म्हणाली. "मले तं कोनं काईच इचारलं नाई व."

कोकिळानं तिचा चांगला हात धरला आणि विचारायला लागली. दादी, तुही आई कोन होती? दादी, लादणीत तुले भीती वाटत होती काय? दादी, तुले कुठी दुखून राह्यलं? घाईघाईनं, एकामागून एक. पहिल्या दोनांची उत्तरं मिळाली. आईचं नाव मैनाबाई होतं. भीती वाटायची नाही, बैल उबदार असतात. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही. बोरीची पहिली घरं दिसायला लागली होती.

मित्रांनो, पुस्तकाला पुठ्ठा घाला, पानं दुमडू नका, थुंकी लावून उलटू नका, असं आम्ही पुस्तकं शेवटी सांगत असतो. मला त्यातलं काही नको. तुमच्या घरी कुणाचं रक्त वाहत असेल तर माझी उरलेली पानंही खुशाल फाडून घ्या. पण उद्या कुणी एखाद्या बाईकडे बोट दाखवून 'हीच ती' म्हणालं, माझ्यासारख्या छापील पुस्तकानं म्हटलं तरी, तर तिच्यासमोर जाऊन बसा. तिला तिची आई कोण ते विचारा, तिला कुठं दुखतंय ते विचारा. आणि ती बोलू शकते तोवर विचारा.